आधी वाचनालय, मग वॉर्ड ऑफिस

रस्त्याकडेचे जुने झाड एका सकाळी आडवे पडलेले दिसते आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस संतापाला ऊत येतो. ‘परवानगी कोणी दिली?’ असे सगळेच विचारतात, उत्तर कोणालाच ठाऊक नसते. शहरातली झाडे रीतसर तोडायची तर १९७५ च्या झाडे जतन कायद्याप्रमाणे आधी जाहीर सूचना द्यावी लागते. ती झाडाला चिकटवतात आणि वर्तमानपत्रातही छापतात. हरकत घ्यायला जेमतेम आठवडाभर मिळतो. झाडावरचा कागद पावसाने नाहीतर कोणाच्या तरी हाताने निघून जातो. पेपरातली सूचना छापील राहते खरी, पण ती आतल्या पानावर, निविदा, हरवलेली शेअर सर्टिफिकेटे आणि ‘आमच्या अशिलांच्या वतीने’ सुरू होणाऱ्या वकिली नोटिसा यांच्या दाटीत असते. शिवाय ती नेमकी आपल्या घरी न येणाऱ्या पेपरात असते!

सगळे पेपर एका छपराखाली, रोज आणि फुकट वाचायला मिळतील अशी एक जागा महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत अजून टिकून आहे. तिला जुने लोक मुक्तद्वार वाचनालय म्हणतात. पुस्तके घरी न्यायची तर वर्गणी आणि अनामत भरावी लागते. वर्तमानपत्र विभागात मात्र कोणीही येऊन बसावे, असा रिवाज आहे. लांबलचक टेबले, त्यांवर पाने सुटी करून वाटून घेतलेले पेपर, डोक्यावर संथ फिरणारा पंखा आणि अग्रलेखाचे पान अर्धा तास न सोडणारे एखादे आजोबा. या आजोबांना जाहीर सूचनांच्या पानात रस नसतो. ते पान बहुधा कोऱ्या घडीचे पडलेले असते. नागरी प्रश्नांत लक्ष घालू पाहणाऱ्याने सुरुवात तिथून करावी.

आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटे पुरतात. काय शोधायचे ते मात्र ठरवून जावे. ‘वृक्ष अधिकारी’, ‘विकास योजना’, ‘फेरबदल’, ‘आरक्षण’, ‘हरकती व सूचना’ हे शब्द आणि त्यांच्या शेजारी आपल्या विभागाचे किंवा मौज्याचे नाव दिसले की थांबावे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात छोटा फेरबदल करायचा असेल तर हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते. मैदानाच्या किंवा वाचनालयाच्या आरक्षणाचे भवितव्य अशा चार ओळींच्या सूचनेत ठरून जाते. सूचना सापडली की पेपराचे नाव, तारीख आणि पान क्रमांक लिहून घ्यावा, फोटो काढावा आणि हरकतीच्या पहिल्याच ओळीत तो संदर्भ द्यावा.

लोकांनी नकाशे वाचले तर काय होते, याचे मुंबईतले उदाहरण फार जुने नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. हरकतींना साठ दिवस होते. रहिवासी आपापल्या विभागाचे नकाशे पसरून बसले, तेव्हा उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि यादीतून गळालेल्या वारसा वास्तू दिसू लागल्या. हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिल २०१५ मध्ये सरकारने तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने तयार करायला सांगितला. पुढे २०३४ सालापर्यंतचा आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. पहिल्या मसुद्यातल्या चुका पकडणाऱ्यांत नगररचनाकार, वास्तुविशारद होते, तसे आपल्या गल्लीचा नकाशा नीट बघणारे सामान्य लोकही होते. आपल्या भूखंडावर काय आरक्षण आहे ते आता सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक देऊन, ठरलेले शुल्क भरून महापालिकेकडून लेखी मिळवता येते. ‘इथे बाग होणार होती म्हणे’ या वाक्यातले ‘म्हणे’ काढून टाकायचा तोच मार्ग.

आता जुन्या कागदांकडे वळू. तक्रार करणाऱ्याचे बळ तिथे आहे आणि बहुतेक जण तिथवर पोचतच नाहीत.

पाणी तुंबण्याचे घ्या. दरवर्षी गुडघाभर पाणी भरणाऱ्या वस्तीतले अर्ज एकाच साच्याचे असतात: ‘दरवर्षी पाणी साचते, नागरिकांचे अतोनात हाल होतात, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ असल्या अर्जाला ‘नालेसफाई करण्यात आली आहे’ एवढे उत्तर पुरते, आणि तेच येते. त्याऐवजी वाचनालयाच्या संदर्भ विभागात जाऊन मागच्या चार-पाच पावसाळ्यांतले जुने अंक मागवावेत. जोरदार पावसाच्या तारखा वेधशाळेच्या नोंदींमुळे किंवा घरातल्या कोणाच्या तरी आठवणीने कळतातच. त्यांच्या दुसऱ्या दिवशीचे अंक बघावेत. आपल्या रस्त्याचे नाव कितीदा आले, कोणत्या अधिकाऱ्याने काय आश्वासन दिले, कोणत्या कामाचा खर्च किती सांगितला, हे वहीत उतरवावे. तारीखवार यादी तयार झाली की अर्जाचा सूरच बदलतो.

त्यापुढची पायरी अहवालांची. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि तोही ओहोटीच्या वेळी, एवढ्याच हिशेबाने बांधलेली होती. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ती क्षमता ताशी ५० मिलिमीटरवर नेण्याची शिफारस केली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि रखडलेल्या जुन्या शिफारशींना पुन्हा हात लागला. ही माहिती गुप्त नाही. ती अहवालांत, त्या काळच्या वर्तमानपत्रांत आणि नियतकालिकांत पडून आहे. ती हाती असलेला माणूस वॉर्ड ऑफिसात ‘पाणी का तुंबते?’ असे विचारत नाही. तो विचारतो, ‘आमच्या रस्त्याखालची वाहिनी ताशी किती मिलिमीटरच्या हिशेबाची आहे? क्षमता वाढवण्याचे काम झाले असेल तर कोणत्या वर्षी, कोणत्या कंत्राटाखाली?’ अशा प्रश्नाला ‘नालेसफाई झाली’ हे उत्तर चालत नाही.

ही सामग्री मिळते कुठे? मुंबईत फोर्टच्या टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही दोन दालने एकाच इमारतीत आहेत. एशियाटिकची सुरुवात १८०४ ची. तिच्या जुन्या संग्रहाचा काही भाग ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने संगणकावरही बघता येतो. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला १९५४ च्या कायद्याचा आधार आहे: देशात छापलेली पुस्तके आणि वृत्तपत्रे ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक आहे, त्यांत मुंबईचे हे ग्रंथालय येते. मराठी मजकुरासाठी १८९८ मध्ये स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून पाच वर्षांनी वडील, १८९३ चे. पुण्यात १८४८ चे पुणे नगर वाचन मंदिर आहे, नाशकात १८४० चे सार्वजनिक वाचनालय. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय तर १८२८ पासून चालू आहे. थोडक्यात, मराठी माणसाला ‘जवळपास काही नाही’ ही सबब फारशी चालण्यासारखी नाही.

संदर्भ विभागात जाताना काही पथ्ये पाळावीत. सकाळी फोन करून वेळ आणि साप्ताहिक सुट्टी विचारून घ्यावी. दुपारी मधल्या वेळेत बंद राहणारी वाचनालये अजून पुष्कळ आहेत. ओळखपत्र बरोबर न्यावे. ‘पाणी तुंबण्याबद्दल काही आहे का?’ असे विचारू नये. ग्रंथपाल बिचारा काय काढून देणार? ‘अमुक पेपर, जुलै २०१९, पहिला पंधरवडा’ असे विचारले की बांधीव खंड टेबलावर येतो. जुना कागद हाताने तुटतो, म्हणून झेरॉक्सला नकार मिळाला तर वाद घालू नये, फोटोची परवानगी मागावी. आणि ग्रंथपालाला आपले काम काय आहे ते मोकळेपणाने सांगावे. वर्षानुवर्षे तीच कपाटे हाताळणाऱ्या माणसाला सूचीत नसलेल्या गोष्टीही ठाऊक असतात: एखादी जुनी स्मरणिका, वॉर्डाची जनगणना पुस्तिका, बृहन्मुंबई जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा खंड. मुंबई शहर आणि बेटाचे गॅझेटिअर तर १९०९-१० चे आहे. नाला मुळात कुठून वाहत होता हे कधीकधी तिथे सापडते.

एवढी तयारी झाली की माहितीच्या अधिकाराकडे वळावे. क्रम मुद्दाम असा सांगितला आहे. लोक उलटे करतात: आधी अर्ज ठोकतात, मग उत्तर कळत नाही म्हणून वैतागतात. महाराष्ट्रात माहितीचा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो. शुल्क दहा रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, अर्ज ऑनलाइनही करता येतो. माहिती का हवी, हे सांगण्याची सक्ती नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची. नाही मिळाले तर तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यावरही समाधान झाले नाही तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ आहे.

मात्र कागदावर जे आहे तेच मागता येते. ‘खड्डे का बुजवले नाहीत?’ हा प्रश्न कायद्याच्या भाषेत ‘माहिती’ ठरत नाही, आणि तसे कळवून अधिकारी मोकळा होतो. त्याऐवजी रस्त्याचे नाव घालून कार्यादेशाची प्रत, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी, कंत्राटदाराला दिलेल्या देयकांची माहिती आणि दोषदायित्व कालावधी कधी संपतो ते मागावे. शेवटची बाब फार कामाची. तो कालावधी चालू असेल तर रस्ता स्वखर्चाने दुरुस्त करून देणे कंत्राटदाराच्या गळ्यात असते, आणि ‘निधी नाही’ हे कारणच उरत नाही. खड्ड्यांच्या बाबतीत आता आणखी एक धार आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे आदेश दिले. अशा दाव्यात आधीच्या तक्रारींची तारीखवार नोंद आणि त्यांच्या पोचपावत्या हाती असलेल्या बऱ्या.

पोचेबद्दल दोन शब्द. अर्ज साहेबांच्या हातात देऊ नये, बारनिशीत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. फोनवर, उदाहरणार्थ मुंबई महापालिकेच्या १९१६ या मदत क्रमांकावर, तक्रार केली तर तक्रार क्रमांक वहीत लिहावा. शिक्का नसलेला अर्ज सरकारी हिशेबात जन्मालाच आलेला नसतो.

अर्जाच्याही आधी करण्यासारखी एक सोय फार कमी लोक वापरतात. पुणे महापालिकेत नागरिकांना सोमवारी दुपारी प्रत्यक्ष फाइल बघू देण्याची पद्धत सुरू झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने ती जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांना, महापालिकांनाही, लागू केली: सोमवारी तीन ते पाच. कार्यालयाच्या दारावर असा फलक क्वचितच दिसतो आणि ‘आज नाही, उद्या या’ हेही ऐकावे लागते; म्हणून त्या शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवून जावे. फाइल समोर आली की डावीकडची टिपणी आधी वाचावी. पत्रव्यवहारात ‘विचाराधीन’ असते तेच टिपणीत ‘निधी उपलब्ध नाही, पुढील वर्षी’ असे स्पष्ट लिहिलेले असते. दोन तासांत जे कळते ते कधीकधी दोन अपिलांत कळत नाही.

आणि ज्याला भांडायचे नाही, नुसते सुचवायचे आहे, त्याच्यासाठी अंदाजपत्रक आहे. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामे अर्जाने मागवते. पदपथाची दुरुस्ती, बाक, दिवे अशा पाच लाखांपर्यंतच्या कामांचा त्यात विचार होतो. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास घेतले जातात, आणि त्याची सूचना अर्थातच पेपरात येते. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचे होते. एवढ्या जाडजूड पुस्तकात आपला वॉर्ड शोधायला टेबल, उजेड आणि शांतता लागते, जी चाळीच्या खोलीत किंवा वन बीएचकेत मिळत नाही. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे मुंबईत नगरसेवक नव्हते. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. नव्याने आलेल्या नगरसेवकाला मधल्या काळातला पत्रव्यवहार ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्याकडे जाताना गाऱ्हाणे तोंडी सांगण्यापेक्षा तारखा लावलेली फाइल ठेवावी. काम होईलच असे नाही, पण टोलवाटोलवी अवघड होते.

हे सगळे ज्या जागेच्या भरवशावर चालते, त्या जागेचे स्वतःचे काय? तो प्रश्नही नागरीच आहे आणि त्यात वाचक सहसा पडत नाहीत. कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के ग्रंथालय उपकर आहे, तमिळनाडूतही असा उपकर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात तशी तरतूद नाही. इथली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक संस्था चालवतात आणि सरकार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देते. २०२२ मध्ये या अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वर्षाचे अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर गेले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वीजबिल, पेपर आणि नवी पुस्तके. ग्रंथपाल संध्याकाळी सहाला कुलूप लावून दुसऱ्या नोकरीला का पळतो, याचे कोडे राहत नाही.

तरीही वाचकाच्या हातात काही गोष्टी आहेत. सभासद व्हावे, पण वर्गणीदार वाचक आणि मतदानाचा हक्क असलेला सभासद यांत अनेक संस्थांच्या घटनेत फरक असतो, तो आधी विचारून घ्यावा. आमदार निधीतून आणि कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून ग्रंथालयांना मदत मिळू शकते. कार्यकारिणीने त्यासाठी अर्ज केला का, हे विचारावे. कामकाजाबद्दल गंभीर तक्रार असेल तर ती जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे लेखी करता येते. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका आहे, पण मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही, अशी ठिकाणे कमी नाहीत. हा विषय कोणी काढला नाही तर निघत नाही.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. त्यांतली पंधरावी बाब गंमतीची आहे: नागरिकांना माहिती मिळवण्यासाठी असलेल्या सोयी आणि लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष असेल तर त्याच्या वेळा. वॉर्ड ऑफिसात हा वाचनकक्ष सापडणे कठीण. मग आपल्या वाचनालयातच एक कपाट मागून घ्यावे. वॉर्डाच्या अंदाजपत्रकाची पाने, विकास आराखड्यातला आपल्या भागाचा नकाशा, चालू कंत्राटांची यादी, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरे आणि जाहीर सूचनांची कात्रणे त्यात ठेवावीत. एकाने मिळवलेले उत्तर दुसऱ्याला पुन्हा तीस दिवस थांबून मागावे लागू नये, एवढा तरी उपयोग होतो. खर्च झेरॉक्स आणि दोन बॉक्स फाइलींचा.

कपाटाची मागणी वार्षिक सर्वसाधारण सभेत करावी. सभेची नोटीस वाचनालयाच्या फलकावर लागते. सभेला गणपूर्ती बहुधा होत नाही आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा सुरू होते, त्यामुळे पाच-सात वाचक ठरवून गेले तरी त्यांचे वजन पडते. सूचना लेखी असावी आणि संस्थेच्या घटनेत दिलेल्या मुदतीत, सभेच्या पुरेशी आधी द्यावी, म्हणजे ती विषयपत्रिकेवर क्रमांकाने येते. ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यावर विसंबू नये. तिथवर पोचेपर्यंत चहा आलेला असतो.